खिडकीमावशीची पाटी

आमच्या सायकलच्या कारखान्यात स्टोअरला दार नाही, खिडकी आहे. म्हणजे दार आहे, पण ते मावशी कुणाला उघडत नाही. ज्याला जे हवं ते त्याने खिडकीशी येऊन मागायचं: छर्रे, आरे, चेन, ब्रेकचे रबर, सीटखालच्या स्प्रिंगा. आत मावशी बसलेली. तिला कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती खिडकीमावशी आणि मी चाक्या. माझं काम चाकं सरळ करण्याचं. चाक फिरवायचं, कुठे डुगडुगतंय ते बघायचं आणि तिथले आरे कमी-जास्त आवळून त्याचा आऊट काढायचा. माझं टेबल खिडकीच्या अगदी समोर, त्यामुळे मावशीचा दरबार मी रोज फुकटात बघत आलोय.

दरबारच म्हणायचा तो. मागणाऱ्याने तोंड उघडायच्या आत मावशी सुरू. "आलास? कालची रिकामी पेटी कुठाय? आधी शर्टाचं बटण लाव. बायको माहेरी गेली वाटतं." समोरचा गोंधळायचा आणि त्या गोंधळातच काय हवंय ते कसंबसं सांगायचा. मावशी मान डोलवायची, "हो हो" म्हणायची आणि आत जाऊन काहीतरी घेऊन यायची. बहुतेक वेळा वस्तू बरोबर असायची. पण दिवसातून काही वेळा अशी भलतीच यायची की मागणारा कपाळाला हात लावायचा. चेन मागायला गेलेल्याला पॅडल. रबर मागितलं तर घंटी. परत करायला गेलं तर मावशी चूक कबूल करील तर शपथ. "ठेव. लागेल तुला."

आणि गंमत म्हणजे कधीकधी खरंच लागायची! एकदा मी आरे मागितले तर हिने छर्ऱ्यांची डबी हातावर ठेवली. चरफडत परत आलो आणि बघतो तर हातातल्या चाकाचे छर्रे पार झिजलेले. अशा दोन-चार प्रसंगांवरून निम्मा कारखाना तिला अंतर्ज्ञानी मानायचा आणि उरलेला निम्मा वेंधळी. माझा तिसरा पक्ष होता. माझं म्हणणं, बाई आळशी आहे, जवळच्या फळीवर जे हाताला लागेल ते आणते.

चहाच्या सुट्टीला ती क्वचितच बाहेर यायची. कँटीनमध्ये लांब बाकांवर आम्ही सगळे बसायचो आणि जोडणीचा फोरमन त्याचे ठेवणीतले विनोद सांगायचा. सासूला डबलसीट नेणाऱ्या जावयाचा विनोद तर इतक्यांदा झालेला की तो सुरू झाला की लोक कप विसळायला उठायचे. मावशी आली असली की सगळ्यांच्या नंतर हसायची. आमचं हसून संपत आलं की तिचं सुरू, आणि तेसुद्धा आमच्या तोंडांकडे बघत. "मावशीची ट्यूबलाइट आहे," असं मीच म्हणायचो.

हा फोरमन म्हणजे भोंगा. एकदा सुट्टीचा भोंगा बिघडला होता, तेव्हा याने नुसतं ओरडून कारखाना सोडला होता. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. माणूस मनाचा वाईट नाही, पण त्याचा एकच कायदा: ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. आणि त्याच्याहून मोठा आवाज कुणाचाच नसल्यामुळे त्याच्या जोडणी विभागाला कधी काही कमी पडलं नाही. आम्ही खिडकीशी रांग लावून उभे असायचो आणि हा मागून येऊन, खिडकीत डोकं घालून गरजायचा. आम्ही बाजूला व्हायचो. मावशी मात्र त्याच्याकडे शांतपणे बघायची आणि म्हणायची, "रात्री झोप झाली नाही का रे? लवकर झोपत जा." भोंग्याचा अस्सा तिळपापड व्हायचा!

असं सगळं सुखाने चाललेलं असताना कंपनीने संगणकाची मोठी प्रणाली आणली. तिचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. शिकवायला आलेल्या बाई सोडल्या तर ते कुणाला धड म्हणता येत नव्हतं. प्रत्येक टेबलावर शाळेतल्या पाटीएवढा एक पडदा बसवला, म्हणून आम्ही अख्ख्या प्रणालीलाच 'पाटी' म्हणायला लागलो. आता खिडकीवर जाऊन मागणं बंद. काय हवं, किती हवं, कुठे हवं ते पाटीवर लिहायचं. खाली 'शेरा' म्हणून एक चौकोन, त्यात आणखी काही सांगायचं असेल तर सांगायचं. मागणी रांगेत लागणार, स्टोअर ती वाचणार, माल ट्रेमध्ये घालून टेबलावर पोचवणार. शिवाय कँटीनच्या दाराशी एक मोठा पडदा. त्यावर प्रत्येकाचं काम कसं चाललंय ते रंगात दिसणार. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे देवाची दया.

पहिल्या आठवड्यात निम्मा पडदा लाल! ज्या हातांनी आयुष्यभर पाने फिरवले त्यांना काचेवर बोट नेमकं किती दाबायचं ते समजेना. कुणी एक सीट मागवली आणि शंभर आल्या. मी तर मागणी लिहून पुन्हा सवयीने खिडकीशी जाऊन उभा राहायचो. मावशी हाताने हुसकावायची, "जा, जा, वाचलंय मी." आणि ही पाटी माझी चाकं मोजायची तेवढी मोजायची. चाक नुसतं झालंय की नीट झालंय, हे तिला कळण्याची सोय नव्हती. माझा तो राग अजून गेलेला नाही.

सगळ्यात वाईट हाल भोंग्याचे. पाटीला आवाज ऐकू येत नाही, हे त्याला पटेचना. आधी तो पाटीवर ओरडला. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, घाम पुसत लिहू लागला. त्याची मागणी रांगेत येईपर्यंत बाकीच्यांचा माल पोचून कामही सुरू झालेलं असायचं. जोडणी विभाग लाल झाला तो लालच राहिला. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं तो पाटीबद्दल दातओठ खाऊन म्हणायचा.

आणि मावशी? ती पहिल्याच आठवड्यात बुडणार, याबद्दल कारखान्यात दुमत नव्हतं. त्याऐवजी ती हिरवी झाली, ती सुद्धा सगळ्यांच्या वर. मागणी टाकून मी चाक पुन्हा फिरवेपर्यंत ट्रे हजर. भलती वस्तू एकसुद्धा नाही. आणि शेऱ्याच्या चौकोनात तिचे टोमणे! मी एकदा घाईत लिहिलं, 'आरे लवकर.' उत्तर आलं, 'आरे निघाले. लवकर हा माल शिल्लक नाही.' भोंग्याने एका मागणीपुढे उद्गारचिन्हांची माळ लावली, तर तिने लिहिलं, 'छर्रे पाठवले आहेत. काठ्या परत घ्याव्यात.' लोक काम नसताना उगाच मागण्या टाकायला लागले, तिचं उत्तर वाचायला मिळावं म्हणून. अख्ख्या हॉलमध्ये इथून-तिथून खसाखसा हसू ऐकू यायचं. असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पण आपल्याकडे कुणाचं चांगलं झालं की लगेच कुणाच्या तरी पोटात दुखतं. भोंग्याने शोध लावला, की मावशीची सून संगणकाच्या कचेरीत कामाला आहे, आणि ही पाटी म्हणे घरच्या फोनवरूनही उघडते. मग काय! मावशीच्या नावाने सून लिहिते, सून वाचते, सूनच मावशीला काय द्यायचं ते कळवते, अशी कुजबुज सुरू झाली. ती साहेबांपर्यंत गेली. साहेब आमचे भले आहेत, पण पाटी आल्यापासून केबिनमध्ये बसून आकडे बघत उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना सवय लागलेली. त्यांनी मला बोलावलं.

"काम सुधारतं हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण जिच्या सगळ्यात जास्त चुका, तिची एकही चूक नाही? वरच्या कचेरीने विचारलंय. आपला पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर नियम आहे, जागा सोडावी लागेल. तुझं तिच्याशी बरं आहे. जाऊन विचार. खरं काय ते कळलं नाही, तर सोमवारपासून तिला पॅकिंगला टाकतो."

पॅकिंग म्हणजे मागची शेड. तिथे खोके बांधायचे, आणि पाठीमागून मालाने भरलेल्या ढकलगाड्या धडधडत येत असतात. "बाजूला!" अशी हाळी आली की झटकन सरकायचं. मला वाटलं, वाईट आहे, पण मावशी तिथेही दरबार भरवील.

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दाराशी चपला नीट ओळीत. घंटीचं बटण दाबलं, आवाज आला नाही. दाराच्या वरच्या काचेतून मात्र आत एक दिवा लागलेला दिसला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा दिवा. मी मनात म्हटलं, काय वायरिंग केलंय! तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मावशीच्या यजमानांनी दार उघडलं. काका निवृत्त वायरमन. "अहो, एकदाच दाबा. घरभर दिवे लागतात," ते म्हणाले. आणि खरंच, स्वयंपाकघराच्या दारावर एक छोटा दिवा, मोरीवर एक, खाटेच्या उशाशी एक. मावशी आतून हात पुसत आली. तिची नजर आधी दिव्यावर गेली, मग माझ्यावर.

मी काही बोलायच्या आत माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्यूबलाइट कुणाची होती, तेही कळलं.

"बस," मावशी म्हणाली. "दिव्याखाली बस, तोंड माझ्याकडे ठेव, आणि सावकाश बोल. मिशा कापल्यास तर उपकार होतील."

तिला बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. हळूहळू गेलं, आधी एक कान, मग दुसरा. कानाचं यंत्र होतं, कपाटात होतं. "ते घातलं की अख्खा कारखाना डोक्यात शिरतो, माणूस तेवढा बाहेर राहतो," ती म्हणाली. घरी समोरासमोर ओठ वाचून भागायचं. कारखान्यात मात्र माणसं बोलतात खिडकीशी आणि बघतात यंत्राकडे.

"मग इतकी वर्षं माल कसा दिलास?"

"तुम्हाला बघून. हाताला ग्रीस असलं तर छर्रे. काळं बोट असलं तर रबर. परवा जे नेलं ते आज संपलं असेल. तुम्ही लोक मागून मागून मागता काय, ठरलेलंच की! आणि मी आधी बोलत सुटायचे. आपण बोलत राहिलं की ऐकायची वेळ येत नाही."

त्या दिवशीच्या छर्ऱ्यांचं गुपित मला तिथे बसल्या बसल्या उलगडलं. मी ग्रीसने माखलेलं चाक हातात घेऊनच खिडकीशी गेलो होतो.

मी साहेबांचा निरोप सांगितला. पॅकिंग म्हटल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "तिथे मागून गाड्या येतात रे," ती एवढंच म्हणाली. मागून येणारी गाडी हिला कशी कळणार?

"मी सांगतो साहेबांना," मी म्हटलं.

"खबरदार! झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिरी म्हटलं की लोक मोडीत काढतात. आहे ती खिडकीही जाईल. आत्ता कुठे वाचून काम करायला मिळतंय. सकाळी उठून कामावर जावंसं वाटतं मला, चाक्या. किती दिवसांनी वाटतंय." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती.

"मी सांगून थकलो," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "पण ही कधी कुणाचं ऐकते?"

मावशीने त्यांचे ओठ वाचले आणि पाठीत एक गुद्दा घातला. निघताना मी तिला कुणालाही न सांगण्याचं वचन दिलं. सांगावं तर वचन मोडतं, न सांगावं तर बाई गाडीखाली जाते. जीव नुसता टांगणीला.

सोमवारी 'मला काही कळलं नाही' असं मी साहेबांना सांगितलं, तेव्हा ते स्वतः खिडकीशी आले. मागे भोंगा, आणि मागे तोंडावर साळसूदपणा आणून जमलेला सगळा हॉल. साहेब म्हणाले, "मावशी, पाटी बाजूला ठेवा. मी तोंडी सांगतो ते आणून द्या. म्हणजे सगळ्यांच्याच शंका मिटतील." हे ते फळ्यांकडे मान वळवून म्हणाले. मावशीला त्यांचा फक्त गाल दिसला असणार. मग त्यांनी तीन वस्तू सांगितल्या.

मावशी त्यांच्या हातांकडे बघत होती. साहेबांचे हात स्वच्छ. ना ग्रीस, ना काळं बोट. त्या हातांवरून काहीच कळण्यासारखं नव्हतं. मी हातातला पाना घट्ट धरून उभा होतो. माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून.

मग तिने पाटी उचलली, खिडकीतून बाहेर साहेबांपुढे सरकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, लिहा. मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. लिहून द्या, आणि मग बघा सून आणते की सासू."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि लिहिलं. मावशी वाचून वळली, आणि साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवेपर्यंत तिन्ही वस्तू खिडकीत. बरोबर. साहेबांनी आणखी काहीतरी लिहिलं. ते मागणीचं नव्हतं, खूप वेळ लिहीत होते. मावशीने वाचलं आणि मोठ्याने उत्तर दिलं, "तोंडं बघून चालवलं, साहेब. तोंडं आणि हात." मग तिने बोट रोखलं ते भोंग्यावर. "आणि ह्याला तर मी आजपर्यंत एकदाही ऐकलेलं नाही. येतो, खिडकीत एवढा आ वासतो. मला वाटायचं, बिचारा जांभया देतो!"

काय हशा उठला! साहेबांनी खिडकीला धरून हसून घेतलं. वर्षानुवर्षं ज्याच्या आवाजाने आम्ही रांगेतून बाजूला झालो, तो आवाज नेमका जिच्यावर टाकला जात होता तिला पोचलाच नव्हता. भोंगा लालबुंद झाला. वाटलं, आता फुटतो. पण तोही हळूहळू हसायला लागला आणि मग थांबेचना. "झोप झाली नाही का म्हणायची मला!" तो डोळे पुसत म्हणाला. "मी दोनदा डॉक्टरकडे जाऊन आलो!"

खिडकी मावशीचीच राहिली. साहेबांनी वरच्या कचेरीला काय कळवलं ते कळवलं. पण त्या दिवसापासून ते केबिनमधून रोज एक फेरी मारायला लागले, रंगांमागची माणसं बघायला. खिडकीवर एक दिवा बसला, बटण बाहेर. बसवायला काका स्वतः आले आणि अर्धा दिवस आम्हाला वायरिंगवर व्याख्यान देऊन गेले. भोंग्याला मावशीने जेवणाच्या सुट्टीत दोन्ही हातांनी लिहायला शिकवलं. तिची शिकवण्याची पद्धत म्हणजे बोटांवर फुटपट्टी, पण जोडणी विभाग लालाचा पिवळा झाला आणि एके दिवशी चक्क हिरवा. त्या दिवशी भोंग्याने कँटीनच्या पडद्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

त्याच दिवशी दुपारी मावशीच्या पाटीवर एक मागणी आली. वस्तू: मावशी. नग: एक. कुठे: कँटीन, तिसरा बाक. शेरा: चहा गार होतोय.

मावशी आली. हातात कप दिल्यावर तिने सवयीने आमच्या तोंडांवरून नजर फिरवायला सुरुवात केली, आम्ही हसतोय की काय ते बघायला. भोंगा म्हणाला, "इकडे बघ." कँटीनमध्ये तो आपल्या टेबलावरची पाटी काढून घेऊन आला होता. ती मांडीवर ठेवून त्याने लिहायला सुरुवात केली. मावशी त्याच्या खांद्यावरून वाचू लागली. आम्ही मान लांब करून पाहिलं आणि सगळे एकदम कण्हलो. जावई सासूबाईंना डबलसीट घेऊन घाट चढायला निघाला होता.

भोंगा मन लावून लिहीत होता. पायथ्यापर्यंत सासूबाई मागून बडबडतायत, जोर लावा, जोर लावा. जावई घामाघूम. चढ संपत नाही. वर पोचतो, धापा टाकत मागे वळून बघतो, तर कॅरिअर रिकामं! आणि सासूबाई घाटमाथ्यावरच्या झाडाखाली निवांत बसलेल्या: 'जावईबापू, मी पायथ्यालाच उतरले. म्हटलं, लवकर पोचेन.'

शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत मावशी हसली. आधी ती, आणि तीही इतक्या मोठ्याने की चहा साडीवर सांडला. "इतकी वर्षं मी ह्याला हसत होते?" ती कशीबशी म्हणाली. "अरे, हा तर चांगला आहे!"

आम्हाला तो विनोद तोंडपाठ होता. कित्येक वर्षांत त्याला कुणी हसलेलं नव्हतं. पण मावशीच्या तोंडाकडे बघत बघत आम्ही हसायला लागलो, एकेक करून, तिच्या नंतर.